बेसमेंटमधलं कार्पेट पूर्ण भिजलंय, पाणी ओढायला कोणती मशीन घ्यावी?

तळघर_सूर:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहून राहिले म्हणून चुका सांभाळून घ्या. नागपुरात धरमपेठेत एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये माझा गाण्याचा क्लास आहे, हॉल साधारण 30 बाय 30 म्हणजे 900 फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आणि त्याच्या खाली फोमचा अंडरले. परवा रात्रीच्या पावसात चारेक इंच पाणी आत आलं. हार्मोनियम आणि तानपुरे टेबलावर होते म्हणून वाचले, तबल्याची एक जोडी गेली. काल बिल्डिंगच्या पंपानं वरचं पाणी काढलं पण पंप शेवटचं अर्धा इंच पाणी सोडूनच देतो, आणि कार्पेटवर पाय ठेवला की पचक पचक आवाज येतो नि पायाभोवती पाणी वर येतं. वायपरनं दोन तास ओढलं, काहीच फरक नाही.
आता पाणी ओढायची मशीन पायजे. सीताबर्डीला दोन दुकानांत विचारलं. एक म्हणे 20 लिटरचा 1400 वॉटचा वेट अँड ड्राय व्हॅक्यूम घ्या साडेसात हजाराला, भरपूर झाला. दुसरा म्हणे तीन मोटरचा 80 लिटरवालाच लागेल, 3600 वॉट. आणि सोफा शाम्पू करणारा पोरगा म्हणतो त्याची स्प्रेवाली मशीन आणतो, त्यातच सगळं होईल. मला वॉटबिट काही कळत नाही. दरवर्षी हीच भीती असते म्हणून विकत घ्यायचीसुद्धा तयारी आहे, पण चुकीची वस्तू घरात पडून राहायला नको. आणि पोरांचा क्लास सोमवारपासून सुरू करायचाय.

मानेवाडा_हाउसकीपिंग:
ताई, मशीनच्या आधी दोन गोष्टी. एक, बेसमेंटची लाइट मेनमधून बंद आहे का ते पाहा, ओल्या कार्पेटवर उभं राहून बोर्डात प्लग टाकू नका. वायर वरून, जिन्याच्या बाजूच्या बोर्डातून आणा आणि त्या लाइनवर 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, पायजेच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. एक्सटेन्शन बोर्ड खुर्चीवर बांधून ठेवा, जमिनीवर नाही. दुसरं, पाणी आलं कुठून? रॅम्पवरून पावसाचं आलं का गटाराचं? हे नक्की सांगा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.
आता मशीन. मी 14 वर्षं हाउसकीपिंगची कामं घेतो, हॉटेल, मंगल कार्यालय, बँका. दुकानदार वॉट सांगतो कारण तेवढंच खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. वॉट म्हणजे मशीन वीज किती खाते, पाणी किती ओढते ते नाही. तुम्ही खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात पाहा, व्हॅक्यूम किंवा वॉटर लिफ्ट म्हणून आकडा असतो, कधी मिलीबारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये, कधी मिलिमीटरमध्ये. 200 मिलीबार म्हणजेच 20 किलोपास्कल म्हणजेच जवळपास 2000 मिमी, म्हणजे मशीनचं तोंड पूर्ण बंद केलं तर ती पाण्याचा दोन मीटरचा उभा कॉलम धरू शकते. कार्पेटला हाच आकडा महत्त्वाचा, कारण पाणी धाग्यांच्या मधे चिकटून बसलेलं असतं, फरशीसारखं मोकळं नसतं. 2000 च्या खालची मशीन कार्पेटला घेऊ नका, 2200 ते 2500 मिळाली तर उत्तम. त्याच्या जोडीला हवेचा फ्लो पण लागतो, कारण ओढलेलं पाणी पाइपातून टाकीपर्यंत हवाच वाहून नेते.
आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते तोंडात. व्हॅक्यूमसोबत जो रबरी पट्टीचा चौकोनी ब्रश येतो तो फरशीसाठी आहे, कार्पेटवर त्याच्या कडेनं हवा गळते आणि पाणी जागच्या जागी राहतं. कार्पेटला स्टीलची वाँड पायजे, बारीक फटीच्या तोंडाची, समोर पारदर्शक प्लॅस्टिक असलेली. त्या प्लॅस्टिकमधून पाणी पळताना दिसतं. दाबून धरायचं आणि एकाच दिशेनं, आपल्याकडे, हळूहळू ओढायचं, अगदी एका फुटाला दोन-तीन सेकंद. पाणी दिसणं थांबलं की पुढचा पट्टा. पोरं घाईघाईत मागंपुढं घासतात, त्यानं कार्पेट निघतं, पाणी नाही.
शाम्पूवाल्या पोराची मशीन वाईट नाही, तिची ओढणारी बाजू आणि वाँड दोन्ही चालतात, फक्त त्याला सांगा स्प्रेचा कॉक पूर्ण बंद ठेव. हातात धरायचे छोटे स्पॉट क्लीनर घेऊ नका, त्यांची टाकी दीड-दोन लिटरची, सोफ्यावर चहा सांडला तर ठीक. आणि कोणी स्टीमरनं वाळवून देतो म्हटलं तर दारातून परत पाठवा, तो ओल्यात अजून ओल घालेल.

डागा_लेआउट_काकू:
तुमचं वाचून 23 सप्टेंबर 2023 ची रात्र आठवली. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस, आणि पहाटे आमच्या घरात मांडीपर्यंत पाणी. सगळे म्हणतात मशीन किती जोरात ओढते, मी तुम्हाला सांगते, आम्ही मेलो ते टाकी रिकामी करता करता.
एक काम करा, आज संध्याकाळच्या आत करा. कार्पेटचा एक कोपरा, सहा इंच बाय सहा इंच, अंडरलेसकट कटरनं कापा आणि किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. कार्पेट बसवताना उरलेला कोरडा तुकडा कुठेतरी असेलच, तोही तेवढाच कापून तोला. जो फरक येईल त्याला चारनं गुणा म्हणजे एका चौरस फुटात किती पाणी ते कळेल, मग 900 नं गुणा. आकडा पाहून तुम्हीच ठरवाल कोणती मशीन ते.
दुसरं म्हणजे 20 लिटरच्या मशीनमध्ये 20 लिटर पाणी मावत नाही हो. आत एक फ्लोट असतो, पाणी वर आलं की तो उचलला जातो नि ओढणं बंद होतं, मोटरचा आवाज एकदम चिरका होतो, तीच खूण. आमच्या मशीनमध्ये बारा लिटरला फ्लोट लागायचा. आणि हो, कापडी नाहीतर कागदी फिल्टर काढून स्पंजचा गोल फिल्टर लावायला विसरू नका, आमच्या यजमानांनी पहिल्याच फेरीत कागदी फिल्टरचा लगदा केला होता.

तळघर_सूर:
काकू, केलं. ओला तुकडा आणि कोरडा तुकडा, फरक 160 ग्रॅम. म्हणजे फुटाला 640 ग्रॅम, आणि 900 फुटाला 576 किलो. मी तीनदा गुणाकार केला, विश्वास बसेना. बारा लिटरच्या हिशोबानं 48 खेपा, आणि आमच्या बेसमेंटला 14 पायऱ्या आहेत. मी 52 वर्षांची, सोबत एक बाई आणि वॉचमनदादा.
पाणी कुठून आलं ते सांगते. आधी रॅम्पवरून आलं, ते मी स्वतः पाहिलं. पण वॉचमन म्हणतो की रात्री दोन-अडीचला बाथरूमच्या जाळीतून पण वर येत होतं, चेंबर भरलं होतं म्हणे. वास आहे थोडा. मी म्हटलं ओलाव्याचा असेल.

मोटर_वाइंडिंग_इतवारी:
ताई मी मोटरचं काम करतो, व्हॅक्यूम रोज एक-दोन येतातच, पावसाळ्यात जास्त. तीन मोटरचं सांगतो. बाजारातल्या बहुतेक दोन नि तीन मोटरच्या मशीनमध्ये मोटरी शेजारी शेजारी लावलेल्या असतात, सगळ्या एकाच टाकीतून हवा ओढतात. त्यानं हवा वाढते, दुप्पट तिप्पट, पण लिफ्ट एकाच मोटरइतकी राहते. म्हणजे तीन मोटर म्हणजे तिप्पट जोर असं नाहीये. लिफ्ट वाढवायची असेल तर मोटरच्या आत दोन पंखे एकामागे एक पायजे, त्याला टू स्टेज म्हणतात, दुकानदाराला हाच शब्द विचारा. आणि दुसरा शब्द बायपास मोटर. बायपास म्हणजे मोटर थंड करणारी हवा वेगळी आणि ओढलेली ओली हवा वेगळी. ओल्या कामाला बायपासच लागते, नाहीतर ओली हवा सरळ कॉइलवरून जाते आणि ती मोटर माझ्या टेबलावर येते.
विजेचा हिशोब पण पाहा. 3600 वॉट भागिले 230 म्हणजे साडेपंधरा अँपिअरच्या वर, 16 अँपिअरच्या पॉइंटवर ती तासन् तास चालवली तर पिन तापते, प्लग वितळतो, मी असे काळे पडलेले प्लग कितीतरी पाहिलेत. दोन मोटरची 2400-2800 वॉटची 16 च्या पॉइंटवर आरामात चालते, हा सव्वाबारा अँपिअरच्या आतला मामला. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटची हद्द 1380 वॉट, म्हणजे तुमचा तो 1400 वाला पण साध्या सॉकेटवर लावायचा नाही. एक्सटेन्शन 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरचं, आणि रीळ पूर्ण उलगडून, गुंडाळलेली वायर लोडवर गरम होते.
48 खेपांचं औषध सोपं आहे. मशीनच्या टाकीला खाली ड्रेन पाइप असलेली घ्या. बेसमेंटमध्येच एक 200 लिटरचा निळा ड्रम ठेवा, तोंड कापलेला बुटका मिळाला तर बरं, त्यात रिकामी करत जा, आणि ड्रममध्ये अर्धा एचपीचा मड पंप टाकून पाइप वर काढा. 14 पायऱ्या म्हणजे सात-आठ फूट, त्याच्यावर रस्त्यापर्यंत अजून थोडं, अर्धा एचपीला काहीच नाही. फक्त कूलरचा पंप टाकू नका, तो पाच-सहा फुटांवर दम सोडतो. टुल्लू पंप पण नको, कार्पेटचे धागे आणि रेती गेली की जाम.
आणि कार्पेटला आधी कधी शाम्पू केला असेल तर फेस होईल. फेसावर फ्लोट उचलत नाही, फेस सरळ मोटरमध्ये जातो. टाकीत थोडं डीफोमर टाकून ठेवा, हाउसकीपिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

मानेवाडा_हाउसकीपिंग:
ताई, जाळीतून आलं म्हणताय तर मला जे लिहायचंय ते लिहायला बरं वाटून नाही राहिलं, पण लिहिणं भाग आहे. ते गटाराचं पाणी आहे. पावसाच्या चार इंचांत गटाराचं एक बादली जरी मिसळलं तरी सगळं तेच झालं, अर्धा हॉल चांगला अर्धा खराब असं नसतं.
आमच्या लाइनमध्ये अमेरिकेतल्या आयआयसीआरसी या संस्थेचं एस500 नावाचं स्टँडर्ड मानतात, त्यात पाण्याचे तीन प्रकार केलेत. एक, नळाचं स्वच्छ. दोन, वॉशिंग मशीन वगैरेचं वापरलेलं. तीन, गटाराचं आणि नदीनाल्याच्या पुराचं. पहिल्या प्रकारात लवकर ओढलं, वाळवलं की कार्पेट वाचतं. तिसऱ्या प्रकारात कार्पेट नि अंडरले दोन्ही काढून टाकायचे, धुऊन वापरायचे नाहीत. त्यात पोरं मांडी घालून बसणार, हात टेकणार, तोंडाजवळ नेणार. तुमचे दोन दिवस तर झाले पण, 24 ते 48 तासांत बुरशी धरायला लागते, ती फोममध्ये खालून धरते, वरून दिसत नाही.
म्हणून विकत घेऊ नका. भाड्यानं आणा, दोन मोटरची, एका दिवसासाठी.
तुम्ही म्हणाल, टाकूनच द्यायचं तर ओढायचं कशाला. ओढायचंच. 576 किलो पाणी धरलेलं कार्पेट कापून वर कोण नेणार? तीन फुटांची एक पट्टी 30 फूट लांब म्हणजे 90 फूट, त्यात 57-58 किलो नुसतं पाणी, कार्पेटचं वजन वेगळं, आणि ते 14 पायऱ्या चढताना गळणार. आधी ओढून घ्या, मग कटरनं पट्ट्या करा, गुंडाळा, सुतळीनं बांधा. तेव्हा दोन माणसं एक गुंडाळी उचलतील. माझी पोरं अंडरलेवर वाँडवर एका पायानं जोर देऊन उभी राहतात, फोम दाबला गेला की स्पंजसारखं पाणी सोडतो. हात मोकळे ठेवू नका, रबरी हातमोजे आणि गमबूट घाला सगळ्यांनी, पायाला जखम असलेल्याला खाली उतरवूच नका, अशा पाण्यातून लेप्टोचा ताप येतो.

तळघर_सूर:
खरं सांगू, वाचून रडू आलं. हे कार्पेट मी चार वर्षं पैसे साठवून टाकलं होतं, बेसमेंटमध्ये आवाज घुमतो म्हणून. पण पोरांचं म्हणताय ते बरोबर आहे. माझ्याकडे सहा-सात वर्षांची पण येतात, ती तर कार्पेटवर लोळतात. काढते.
भाड्याची मशीन उद्या सकाळी येतेय, दोन मोटरची, वाँडसोबत. विचारलं मी, टू स्टेज आहे म्हणाला, आणि लिफ्ट 2300. ड्रम वॉचमनदादा आणतो. कार्पेट निघाल्यावर खालची कोबा फरशी कशी वाळवू? आणि किती दिवस? कोणी म्हणतं खिडक्या उघड्या ठेवा, कोणी म्हणतं बंद.

साइटवरचा_सिव्हिल:
वाळवण्याचं मी सांगतो. आधी धुऊन काढा, साबणाचं पाणी आणि घासणी, मग जंतुनाशक टाकून डब्यावर लिहिलेला वेळ ओलं ठेवा, मग परत त्याच व्हॅक्यूमनं ओढा, इथे मात्र तो रबरी पट्टीचा ब्रश बरोबर. दोन वेगळी औषधं एकत्र करू नका, ब्लीच आणि ॲसिड तर चुकूनही नाही, बेसमेंटमध्ये क्लोरीनचा वायू साचला तर पळायला जागा नाही.
खिडक्यांचं उत्तर बाहेरच्या हवेवर आहे. बाहेर पाऊस, हवा दमट, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवल्या तर तुम्ही ओलावा आत बोलावून राहिले. तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, एक आत एक बाहेर ठेवा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असली की उघडा आणि एक्झॉस्ट लावा, नसली की बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारी मशीन, चालवा. एसी असेल तर ड्राय मोडवर. डिह्युमिडिफायरची टाकी दर काही तासांनी भरते, त्याचा पाइप त्या ड्रममध्ये सोडून द्या.
हवा फिरवायला नागपुरात कोणाला काही विकत घ्यायची गरज नाही, घरोघरी डेझर्ट कूलर आहेत. पाणी पूर्ण काढा, बाजूच्या गवताच्या ताट्या काढून टाका, नुसता पंखा. जमिनीवर ठेवून भिंतीच्या बाजूनं तिरका झोत सोडा, म्हणजे हवा फरशीला घासून जाईल. दोन कूलर समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवले की हवा गोल फिरते. पंखे फक्त जमिनीतली ओल हवेत आणतात, ती हवेतून बाहेर काढायला डिह्युमिडिफायर पायजेच, नाहीतर तीच ओल भिंतींना नि हार्मोनियमला लागेल. वाद्यं तोपर्यंत वर घरी ठेवा.
किती दिवस ते सांगणं कठीण, पण तपासायची पद्धत सोपी. दोन बाय दोन फुटांचं जाड प्लॅस्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवा, एक रात्र सोडून उघडा. खाली थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली तर अजून ओल आहे. हे कोरडं येईपर्यंत वर काहीही चिकटवू नका. सोमवार विसरा, पोरांना थोडे दिवस घरी बोलवा. आणि बाथरूमच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या, पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही. पुढच्या वर्षी हाच खर्च मशीनपेक्षा कामाचा.

डागा_लेआउट_काकू:
आणि पुन्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत नको गं बाई. आम्ही जाड सतरंज्या केल्या, खाली काही नाही. पावसाचा अंदाज आला की गुंडाळून माळ्यावर, दहा मिनिटांचं काम. आवाज घुमतो त्याला दोन भिंतींना जाड पडदे लाव, ते तर जमिनीपासून वरच असतात.

तळघर_सूर:
झालं एकदाचं म्हणून लिहायला आले. सकाळी नऊला सुरू केलं, संध्याकाळी साडेसहाला शेवटची पट्टी वर गेली. ड्रमवर दर 50 लिटरला खडूची रेघ मारली होती, पंप सुरू करायच्या आधी बाई मोजायची, एकूण आठ रेघांच्या थोडं वर, म्हणजे 400 लिटरच्या पुढे निघालं. वाँडच्या प्लॅस्टिकमधून पहिले दोन तास पाणी चहासारखं पळत होतं. हळू ओढायचं सांगितलं नसतं तर मी पण घासतच बसले असते, दोन-तीन सेकंदांनी जो फरक पडतो तो पाहूनच कळतो. फेस आला होता, डीफोमरचं झाकणभर टाकलं, बसला.
अंडरले उलटा केला तेव्हा बाथरूमच्या बाजूला हातभर जागेत खालून काळे ठिपके धरले होते, वरून कार्पेट अगदी स्वच्छ दिसत होतं. तिथंच रोज छोटी बॅच बसते.
आज दोन कूलर आणि भाड्याचा डिह्युमिडिफायर लावलाय, आर्द्रतेचं मीटर सकाळी 88 टक्के होतं, आत्ता 71. प्लॅस्टिक परवा चिकटवते. सिव्हिलवाले दादा, तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चार इंची पाइपला पीव्हीसीचाच मिळतो का, का चेंबर फोडावं लागेल?

साइटवरचा_सिव्हिल:
पीव्हीसीचाच मिळतो, 110 मिमीचा मागा. बिल्डिंगच्या आतल्या चेंबरमध्ये जागा असेल तर तिथंच बसतो, फोडायची गरज नाही. पण वर साफसफाईचं झाकण असलेलाच घ्या आणि दर पावसाळ्याआधी उघडून पाहा, केस नि कचरा अडकला की त्याची झडप पूर्ण बंद होत नाही. चेंबरचा फोटो टाका, पाहून सांगतो.